लाकडी चेहऱ्याचं हसू

प्रियदर्शनी बारामतीच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायची. कॅमची, म्हणजे यंत्रातल्या फुगीर कडेच्या चाकाची, व्याख्या मुलं घडाघडा म्हणत. पण तो फिरला की त्याच्यावर टेकलेली दांडी नेमकी कधी उचलली जाते, हे विचारलं की गप्प. म्हणून शहाण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं प्लायवूडचा चेहरा केला. मागं भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर, लाकडाचे कॅम, आणि भुवया-ओठ ओढायला सायकलच्या ब्रेकच्या तारा.

चेहरा रागवायचा झकास. हसला की मात्र दात विचकल्यासारखा दिसायचा.

जळोचीच्या घरी ती तारा आवळत बसली होती. शेजारी तिचे वडील भानुदास. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याच्या शाळेतून निवृत्त झालेले. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते; बावड्याच्या जुन्या मित्राला, बिरूलाही भेटले नव्हते.

"ह्याचं नुसतं ओठच हालत्यात," ते म्हणाले. "हसताना गाल वर चढतो, डोळा बारीक हुतो. ओठाच्या जरा आधी."

"तुम्हाला कसं ठाऊक, आबा?"

"डॉक्टरनं आरशापुढं व्यायाम सांगितलाय न्हवं. रोज तेच बघतोय."

तिनं पक्कड खाली ठेवली. "वर्गात येऊन सांगाल?"

"ह्या तोंडानं?"

तिनं पक्कड उचलली आणि पुन्हा तारा आवळू लागली. सुट्टी संपली त्या सोमवारी आबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते.

वर्गात ते म्हणाले, "माझ्याकडं बघा," आणि हसले. उजवा गाल चढला, डावा तसाच राहिला. कुणी हसलं नाही. पिंपळीचा नागेश पुढं आला. "आबा, परत एकदा. हळू."

आबा सात-आठ वेळा हसले. नागेशनं फळ्यावर आकृती काढली: गालाचा कॅम ओठाच्या कॅमपेक्षा पंधरा अंश पुढं हवा. स्वप्नालीनं स्पंजचे गाल बसवले, नवा कॅम कानशीनं घासला. दुपारी चारला मोटर सुरू केली. आधी गाल, मग ओठ. चेहरा खरोखर हसला.

"मॅडम, डावीकडच्या तारा सोडल्या तर?" स्वप्नालीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सोडल्यासुद्धा.

प्रियदर्शनीनं झटकन आबांकडं पाहिलं. आबा वाकून त्या अर्ध्या हसण्याकडं बघत राहिले.

"असा दिसतो व्हय मी," ते म्हणाले. "मला वाटलं, लई वाईट दिसत आसंल."

संध्याकाळी स्टँडवर इंदापूरची एसटी लागली होती. आबा प्रियदर्शनीकडं वळले.

"तू घरी जा. मी बावड्याला बिरूकडं जाऊन येतो. लई दिस झालं भेटून."