पिनेखालचा एक

"तारखा बिनचूकताईंनी भरल्यात, म्हणजे त्या बरोबरच असणार. प्रोग्रॅमच कुठेतरी गंडलाय," असं म्हणून विषाणूतज्ज्ञ मॅडम पुन्हा संगणकात डोकं खुपसून बसल्या.

प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोंदी करणाऱ्या ताईंना हे नाव सगळ्यांनी मिळून ठेवलं होतं, आणि ताईही ते मिरवत. विषाणू स्वतःची नक्कल करताना बारीकसारीक चुका करतो, त्या जुळवून कोण कुणापासून आला याची वंशावळ हा प्रोग्रॅम मांडतो, असं मॅडमनी समजावलं तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, इतका धांदरट कारकून माझ्या हाताखाली दोन दिवस टिकला नसता. मॅडमना हसू आवरलं नव्हतं.

आज मात्र घोडं अडलं होतं. शेजारच्या रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात पाच तारखेपासून तापाची साथ आली होती. तिथल्याच धुलाईखान्यात काम करणाऱ्या मामांचा तपासणीचा नमुना दोन तारखेचा, सगळ्यांच्या आधीचा. म्हणून ताप त्यांनीच आणला, असं जो तो म्हणत होता. मुलं बरी होऊन घरी गेली, मामाही कामावर आले, पण कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. वंशावळ उलटंच सांगत होती. मुलांच्या विषाणूतले सगळे बदल मामांच्या विषाणूत होते, वर आणखी दोन. म्हणजे मामांचा विषाणू मुलांच्या विषाणूपासून आलेला, पण तारीख मात्र त्यांच्या आधीची; नातू आजोबांच्या आधी जन्मला होता. प्रोग्रॅमने त्या तारखेवर लाल खूण केली होती आणि अहवाल तर चार वाजता जायचा होता.

ताईंनी कपाटातून मामांचा मूळ अर्ज काढला. तारखेवरच स्टेपलरची पिन बसली होती. नखाने ती उचकटली, तर खाली एकाचा आकडा. दोन नव्हे, बारा तारीख.

अर्ज गुपचूप परत ठेवला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. ताई थोडा वेळ कपाटाशीच उभ्या राहिल्या. मग येऊन त्यांनी अर्ज मॅडमपुढे ठेवला.

"प्रोग्रॅम शहाणा आहे, मॅडम. चूक माझी आहे. अहवालात तसंच लिहा."

तारीख सुधारताच खूण गेली आणि मामा वंशावळीत मुलांच्या खाली जाऊन बसले. वॉर्डातल्या चादरी धुताना त्यांना तापाची लागण झाली असावी. मॅडम फोन करून कळवणार होत्या, पण ताईंनी तोवर चपला घातल्या होत्या.

धुलाईखान्यात मामा एकटेच घड्या घालत होते. ताईंनी स्वतःच्या चुकीसकट सगळं सांगितलं. मामांनी हातातली चादर खाली ठेवली.

"म्हणजे पोरांना माझ्यामुळे नाही झालं?"

"नाही. तुम्हालाच त्यांच्यामुळे झालं."

"मग काही हरकत नाही," मामा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

त्यांनी चादरीची दोन टोकं ताईंच्या हातात दिली. दोघांनी मागे सरकत ती ताणली, जवळ येत घडी घातली. ताईंच्या बाजूचा कोपरा बोटभर बाहेर राहिला. मामांनी तो आत सारला आणि पुढची चादर उचलली.