डाव्या पायाचं माप

बाबांचे पाय दिसले की चिमटाबाईला किळस यायची. हे नाव तिला आत्याने दिलं होतं, कारण बाबांचे वापरलेले मोजे ती जुन्या चिमट्याने उचलायची आणि हात जाईल तितका लांब धरून कपडे धुण्याच्या मशीनपर्यंत न्यायची. वास्तविक नोकरीत ती दिवसभर गावाच्या सांडपाण्याचे नमुने तपासायची. गटाराच्या पाण्याची बाटली उघडताना तिची भुवईसुद्धा हलत नसे. घरच्या पायांची गोष्ट मात्र वेगळी. शिंपल्यासारखी जाड, पिवळी नखं. बोटांच्या बेचक्यातला पांढरट ओला थर. टाचेच्या भेगांत कायमचा मुक्काम ठोकलेला मळ. एकदा सोफ्याच्या फटीत तिच्या बोटांना कापलेल्या नखाचा तुकडा लागला, तर त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि नेमकं तिच्याच कपाळी त्या पायांचे मोजे विणणं आलं.

"साखरेमुळे यांच्या पावलांची जाणीव कमी झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "बाजारच्या मोज्याचं इलॅस्टिक रुततं, शिवण घासते, आणि यांना पत्ता लागत नाही. मऊ लोकरीचे, बिनशिवणीचे मोजे घालू द्या. एक जखम चिघळली तर पाऊल जाईल, एवढं लक्षात ठेवा."

आत्याने आयुष्यभर घरादाराला स्वेटर विणून घातले होते, पण आता तिची बोटं सांध्यांत आखडली होती. "मी सांगते, तू वीण," ती म्हणाली. "तोंड माझं, हात तुझे."

चिमटाबाईला मोज्याचं शास्त्र आवडलं. चार सुयांवर टाके गोल मांडायचे आणि पाचव्या सुईने विणत जायचं, म्हणजे शिवण येतच नाही. तिने आधी एक चौकोन विणून पाहिला आणि पट्टी लावून टाके मोजले. दहा सेंटिमीटरला पंचवीस. लोकर मात्र तिला आवडली नाही. तळहातांना घाम आला की लोकरीला ओल्या जनावराचा वास यायचा आणि बारीक केस बोटांना चिकटून बसायचे.

"आता माप घेऊन ये," आत्या म्हणाली.

चिमटाबाईने कागद, पेन्सिल आणि फीत बाबांसमोर ठेवली. "बाबा, तुम्हीच घ्या. चौतीस वर्षं चपला-बुटांच्या दुकानात काढलीत. तुमच्याइतकं अचूक कोण घेणार?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फितीकडे. खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा कागदावर एकाच पावलाची रेघ होती, शेजारी सुबक अक्षरात लांबी आणि घेर.

"दुसरा?"

"तो असाच आहे. डिट्टो."

सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. आत्या मात्र कुरकुरली, "पायाला हात न लावता मोजा विणायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"आत्या, आकडे आहेत ना. घेर बावीस, म्हणजे पंचावन्न टाके. मोजा अंगाला बसायला हवा म्हणून दहा टक्के कमी. चाराने भाग जाणारा आकडा घेतला तर अठ्ठेचाळीस."

"वा! आता आकड्यांनाच घाल मोजे."

पहिला मोजा तीनदा उसवावा लागला. एकदा टाका निसटून वरपासून खालपर्यंत शिडी पडली. एकदा टाच अशी वळली, की आत्या म्हणाली, "हा मोजा घालून माणूस मागे चालेल." पण अकराव्या दिवशी तो झाला आणि बाबांच्या उजव्या पायात मापात बसला. दुसरा तिने ओळ न् ओळ मोजत हुबेहूब तसाच विणला. आठ दिवसांत.

रविवारी सकाळी तिने तो बाबांच्या हातात दिला.

"छान झालाय. ठेव, उद्या घालतो."

"उद्या कशाला?" आत्या म्हणाली. "एका पायात मोजा घालून बगळ्यासारखा काय उभा राहणारेस, दादा? घाल."

बाबांनी खुर्ची वळवली आणि पाठ फिरवून ते मोजा चढवू लागले. तो पावलाच्या मध्यावर अडला.

"घट्ट होतोय गं."

चिमटाबाईला राग आला. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस! त्या रागाच्या भरात ती गुडघ्यांवर बसली, कातडीला बोट लागणार नाही अशा बेताने मोज्याची कड दोन्ही हातांत धरली.

"दुखतंय?"

"छे. काही कळतच नाही. ओढ तू."

तिने ओढलं. मोजा टाचेवर चढला आणि आत काहीतरी पचकन फुटलं. करड्या लोकरीवर चवड्याखाली ओला डाग उमटला, पसरला, कडेने पिवळा झाला. मग वास आला. हा वास तिच्या ओळखीचा होता. उन्हात आठवडाभर राहिलेल्या नमुन्याच्या बाटलीचा. बाटलीला झाकण तरी असतं. ती उठून बेसिनकडे धावली.

तोंड धुऊन परत आली तेव्हा बाबा तसेच पाय पुढे करून बसले होते.

"पावडर लावतो मी," ते हळूच म्हणाले. "आणि कापूस. भरत आलंय."

"किती दिवस?"

"झाले असतील वीस-बावीस."

म्हणजे त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, त्याच्याही आधीपासून.

"गिऱ्हाइकाला काय सांगायचात हो तुम्ही?" तिचा आवाज चढला. "दोन पाय कधीच सारखे नसतात. दोन्ही मोजल्याशिवाय जोडा द्यायचा नाही. शेंबडी होते तेव्हापासून ऐकतेय!"

"हो."

"मग?"

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "तू फीत माझ्या हातात दिलीस. मला बरं वाटलं." मग म्हणाले, "तुलाही बरं वाटलं."

तिने मोज्याची कड पुन्हा धरली.

मोजा निघेना. लोकर, कापूस आणि पावडरीचा लगदा जखमेला चिकटला होता. आत्याने पाणी उकळून कोमट केलं, कात्री उकळून काढली आणि ती भाचीपुढे धरली. "माझ्या बोटांना कात्री धरवत नाही. तूच."

घरात हातमोजे नव्हते. चिमटाबाईने स्वच्छ टॉवेल पसरला आणि बाबांचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं. ते गरम होतं, सुजलं होतं आणि तिने कल्पना केली होती त्याहून जड होतं. घोट्यापासून खाली तिने एकेक टाका कापत नेला. चवड्याशी आल्यावर लोकर भिजवावी लागली, आणि ती भिजेपर्यंत नाक पावलापासून वीतभर अंतरावर ठेवून थांबावं लागलं. अंगठ्याच्या मुळाशी नाण्याएवढा खड्डा होता. कड पाण्यात राहून फुगलेल्या पावासारखी पांढरी, मध्ये करडा, चिकट गाळ. ओकारीची उबळ आली की ती तोंड खांद्याकडे वळवायची. हात पावलाखालून काढला नाही.

"ठेव गं खाली," बाबा म्हणाले. "तुला शिसारी येतेय."

"येतेय. हलू नका."

तिघं दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"झाले दोन-तीन दिवस," बाबा म्हणाले.

"बावीस दिवस," चिमटाबाई म्हणाली. "दोन सेंटिमीटर रुंद, कडेने लाली, वास आहे. आणि यांना अजिबात दुखत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने जखम तपासली, पायाचा एक्स-रे काढायला लावला, तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "हाडापर्यंत गेलेलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पाऊल वाचेल बहुतेक. पण रोज दोनदा धुवायची, मेलेली साल काढायची, कोरडी करायची. एक दिवस चुकला तर मी खात्री देणार नाही. घरी कोण करणार?"

बाबा आत्याकडे पाहू लागले. आत्याने आपली वाकडी बोटं ओढणीखाली घेतली.

"मी करीन," चिमटाबाई म्हणाली. "पण मला भयंकर किळस येते, हे आधीच सांगते."

"येऊ दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवले म्हणजे झालं. ये इकडे, पहिली वेळ माझ्यासमोर कर."

तिने स्टूल ओढलं. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वास आला, आणि तिने पाऊल दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवलं.