पर्डींचं खोपटं

लायसँडर हॉलकम विटांच्या दुमजली घरात जन्मला होता, आणि त्याच्या पक्षाला हे अजिबात परवडणारं नव्हतं.

तो न्यायाधीश झाला तेव्हा कुणी विचारलं नाही. काँग्रेसमध्ये निवडून गेला, मग ओहायोचा गव्हर्नर झाला, तेव्हाही नाही. पण यंदा पक्षाच्या अधिवेशनात दोन बडी धेंडं एकमेकांची वाट अडवून बसली, बाकीचे कंटाळले, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी भलत्याचंच नाव पुढे आलं. ते ह्याचं. मग पक्षाची सूत्रं हलवणारा कर्नल टटल सिनसिनाटीहून बग्गीतून आला, घरासमोर उतरला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"पांढरे खांब! दाराला पितळी कडी! अहो, लोकांना ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला माणूस हवाय, गव्हर्नरसाहेब."

"मग आता काय, परत जन्म घेऊ?" लायसँडर हसला.

"घ्यायचा," कर्नल म्हणाला.

लायसँडरची थोरली बहीण इलेक्टा कॉफी घेऊन तिथंच उभी होती. तिनं लग्न केलं नव्हतं. भावाची बायको गेल्यापासून हे घर, म्हातारी आई आणि भाऊ, सगळं तीच सांभाळत होती. तिलाही तेव्हा हसू आलं. पुढं त्या हसण्याची आठवण झाली की तिला स्वतःचाच संताप यायचा.

झोपडी सापडली ती ओढ्यापलीकडच्या रानात. पर्डींची. इलेक्टा लहान असताना पर्डींच्या गाईला कंप सुटला होता. असल्या गाईचं दूध म्हणजे विष. ते त्यांनी प्यायलं आणि घरातलं एकूण एक माणूस गेलं. लायसँडर तेव्हा जन्मलाही नव्हता. त्यानंतर गावानं त्या खोपट्याला हात लावला नाही. कडाक्याच्या थंडीतही त्यातलं लाकूड कुणाच्या शेकोटीत गेलं नाही. असल्या घराचा ओंडका आपल्या आवारात आणायचा नसतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण निवडणूक अंगात आली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं थोडंच! त्याच गावकऱ्यांनी सफरचंदाची दारू ढोसत, गाणी म्हणत ते खोपटं उकललं, ओंडक्यांवर खडूनं खुणा केल्या आणि हॉलकमांच्या हिरवळीवर जसंच्या तसं उभं केलं.

"निदान उंबरठा तरी नवा घाला रे मेल्यांनो!" आई, केझाया, खिडकीतून ओरडली. पर्डींच्या माणसांना तिनंच न्हाऊ घालून पुरलं होतं. पण तिचं ऐकतो कोण? उंबरठाही तोच बसवला.

मग कर्नलनं तिला भाषण वाचून दाखवलं. "ह्यात तुम्ही झोपडीतच वारलात, बाईसाहेब. आई नसलेलं पोर म्हटलं की लोकांचे डोळे भरून येतात. मतं पडेपर्यंत जरा मागच्या खोलीत राहा."

"वारले ना? मग उद्यापासून भांडी तुम्ही घासा," केझाया म्हणाली. पण लेकाचं भलं होतंय म्हणून गेली बिचारी मागच्या खोलीत.

उमेदवारानं स्वतः मतं मागत हिंडणं तेव्हा हलकेपणाचं समजत. त्यानं घरी बसायचं, लोकांनी वाजतगाजत यायचं. तशा झुंडी येऊ लागल्या. लायसँडर त्या उंबरठ्यावर बसून बोलायचा. आधी कर्नलनं दिलं तेवढंच बोलायचा, मग जास्तीचं सांगू लागला. कुठल्या भेगेतून वारा आत शिरायचा, बर्फ वितळला की छप्पर कुठं गळायचं. इलेक्टाला वाटलं, काय थापा ठोकतोय पठ्ठ्या! वकिली उगाच नाही केली.

एके दुपारी तो म्हणाला, "माझ्या आईच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्या हातानं ती आमचे केस विंचरायची."

गर्दीतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मागे उभ्या असलेल्या इलेक्टानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. पर्डीबाईची दोन बोटं कुऱ्हाडीखाली गेली होती. गावात हे आता दोघींनाच आठवत होतं, तिला आणि केझायाला. आणि दोघींपैकी एकीनंही ते त्याला कधी सांगितलं नव्हतं.

लोक पांगल्यावर तिनं त्याला गाठलं. "बोटांचं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, ताई? माझी आई होती ती."

"सँडर, तुझी आई आत बटाटे सोलत बसलीय!"

त्यानं घराकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा वाटावा पण नाव आठवू नये, तसं पाहिलं. "हो का? बरं, बरं," तो अदबीनं म्हणाला. इलेक्टाला ती अदबच जास्त लागली.

त्यानंतर त्याचा मुक्काम खोपट्यातच हलला. केझायानं त्याच्या आवडीची खीर पाठवली, तर त्यानं वाडगा तसाच परत केला. "आम्ही दूध घेत नाही आता."

"आम्ही म्हणजे कोण रे?" इलेक्टानं विचारलं. त्यानं दार लावून घेतलं. भर दुपारी आतून त्याचं बोलणं ऐकू यायचं. तो काही विचारायचा, उत्तराची वाट पाहायचा, मग खुदकन हसायचा. तिनं दार ढकलून पाहिलं, तर आत तो एकटा.

इलेक्टानं कर्नलला धरलं. "मोडा ते खोपटं. माझा भाऊ हातचा चाललाय!"

"मतं पडू द्या, मग मी स्वतः काडी लावतो."

मतं पडली. लायसँडर निवडून आला. इलेक्टा काडेपेटी घेऊन कर्नलपुढे उभी राहिली, तर तो म्हणतो कसा, "राष्ट्राध्यक्षांचं जन्मस्थान जाळता? वेड लागलंय का बाई?" गावातही कुणी कुऱ्हाड हातात घेईना. चर्चमध्ये तर बायका केझायालाच हळूच विचारू लागल्या, "तुम्ही हॉलकमसाहेबांच्या कोण हो?" म्हातारी त्या दिवशी घरी आली ती थेट मागच्या खोलीत गेली. रात्री जेवलीही नाही.

वॉशिंग्टनला निघायचा दिवस उजाडला. दारात बग्गी, फाटकापर्यंत माणसं, बँड. इलेक्टानं भावाचा दंड घट्ट धरला. "जायच्या आधी आईचा निरोप घे. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे."

तो निमूट आला. केझाया ठेवणीतला काळा रेशमी झगा घालून खुर्चीत बसली होती. लायसँडरनं टोपी काढली आणि मान लववली.

"नमस्कार, बाई. आपण कोण?"

इलेक्टाला वाटलं, ह्याच्या मुस्कटात मारावी. पण केझायानं हातानंच तिला थांबवलं. ती लेकाकडे बघत राहिली, अगदी पोटभर.

"मी केझाया. पर्डींच्या शेजारची."

तो लगबगीनं तिच्यासमोर बसला. "म्हणजे तुम्ही माझ्या आईला ओळखत होता?"

"शेवटचं न्हाऊ मीच घातलं तिला. बाकीच्यांनाही."

"आणि ह्या कोण?"

"ही माझी मुलगी."

इलेक्टानं तोंडात रुमाल कोंबला. केझायानं त्याचे हात हातात घेतले, आणि आई काय करायला निघालीय ते इलेक्टाच्या ध्यानात आलं. जन्मात खोटं न बोललेली बाई!

"पण एक तान्हं जगलं होतं," केझाया म्हणाली. "पाळण्यात होतं. मी ते शालीत गुंडाळलं आणि ह्या घरी आणलं. माझं दूध पाजलं त्याला. म्हणजे थोडीशी तरी मी तुझी आई लागते. लागते ना रे सँडर?"

त्यानं तिच्या सुरकुतलेल्या हातावर थोपटलं. त्याच्या डोळ्यांत माया होती, पण परक्या म्हातारीसाठी असते तेवढीच.

"तुमची गल्लत होतेय, बाई. मला कुणी नाही आणलं. तुम्हीच मला आईच्या कुशीत ठेवलंत, एकाच शवपेटीत. आठवत नाही? वरून तुमची शाल घातलीत."

केझायाचे हात गळून पडले. ते सगळं तसंच झालं होतं.

तो उठला, पुन्हा मान लववून बाहेर गेला. बँड वाजू लागला. केझायाची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली. मग म्हणाली, "इलेक्टा, कोट विसरला बघ तो. जा, देऊन ये. कुणाचं का असेना, पोर गारठेल."

इलेक्टा कोट घेऊन धावली. लायसँडर बग्गीचं दार धरून उभा होता. एकेकाला आत चढवावं तसा हात पुढे करायचा, थांबायचा, पुन्हा करायचा. कर्नल घड्याळ बघत होता. सगळ्यांत शेवटी लायसँडर आत चढला, अंग चोरून कोपऱ्यात बसला. इलेक्टानं कोट पुढे केला.

"आईनं दिलाय," ती म्हणाली.

त्यानं तो अंगात घातला नाही. समोरच्या रिकाम्या बाकावर पसरला, कडा नीट खोचल्या आणि म्हणाला, "तिला सांगा, आता कुणालाच थंडी वाजत नाहीये."