माझ्या पोटातला गाळ

मी एक जुनी काचेची टाकी आहे. मित्रांनो, टाकी म्हटल्यावर तुम्हाला मासे आठवले असतील, पण माझ्यात मासा कधी पोहलाच नाही. मी बारा हात लांब, जेमतेम हातभर रुंद, आणि माझ्या पोटातून फक्त गाळ वाहतो. पाण्याखालचा प्रवाह मातीचे कण कुठवर नेतो, हे लोक माझ्या काचेतून बघतात.

मला प्रयोगशाळेच्या मिस्त्रीकाकांनी घडवले. लोखंडी चौकट त्यांनी स्वतः जोडली आणि पुढे मला लेकीसारखे जपले. काम संपले की कोरड्या फडक्याने पुसायचे. कुणी नुसते टेकून उभे राहिले, तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. असे लाड फार थोड्या टाक्यांच्या नशिबी येतात.

एक संशोधक बाई माझ्यावर प्रयोग करीत. त्यांची आत्या समोरच्या बेटावर राहायची. उपचारासाठी तिला आठवड्यातून तीनदा लाँचने इकडच्या इस्पितळात यावे लागे. लाँचची वाट गाळाने सारखी भरायची. उपसलेला गाळ धक्क्याजवळच टाका, प्रवाह तो खोल समुद्रात नेईल, असे बाईंचे गणित सांगत होते. माझ्यात तो खरोखरच टोकापर्यंत वाहत जाई. समुद्रात मात्र वाट पुन्हा बुजली. लाँच दोनदा रुतली आणि आत्याचे दोन उपचार हुकले. गणित आणखी एकदा चुकले, तर लाँचच बंद होणार होती. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

एके सकाळी त्यांनी माझ्यात पाणी सोडणारा नळ बंद केला. मग म्हणाल्या, "काका, समुद्राचा गाळ आपण नळाच्या पाण्यात सोडतोय."

"मग काय करू? मीठ घातलं तर चौकट गंजेल. चौदा वर्षं जपलीय मी हिला."

"गोड्या पाण्यात हे कण एकमेकांपासून लांब राहतात. खाऱ्यात चिकटत असतील तर?"

दुपारी मात्र काका स्वतःच मिठाचे पोते खांद्यावर घेऊन आले. खारे पाणी मला चांगलेच झोंबले. बाईंनी गाळ सोडला. आजवर सुटे धावणारे कण या वेळी एकमेकांवर आदळले, चिकटले, त्यांचे गोळे झाले आणि ते अर्ध्या वाटेतच तळाला बसले; समुद्रात लाँचची वाट अशीच बुजत होती. बाईंना रडू आले, आणि मला कधी नव्हे इतका आनंद झाला.

आता गाळ बेटाच्या पलीकडे नेऊन टाकतात. लाँच वेळेवर येते, आत्याही येते.

माझी चौकट गंजली आहे, एक कोपरा गळतो. तरी त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण तिच्या कामापासून तिला जपू नका. काका अजूनही दर शनिवारी माझा गंज खरवडतात, रंगाचा हात देतात, आणि मग हात धुऊन मिठाचे पोते उघडतात.