आठ वाजताचा आवाज

शहरातल्या एफएम केंद्राने पाचव्यांदा कात टाकली, तेव्हा निवेदिकाबाईंनी कपाळाला हात लावला. पहिल्या मालकाने जुनी गाणी लावली. दुसऱ्याला दिवसभर बातम्या हव्या होत्या. पण एवढ्याशा शहरात रोज घडणार तरी काय? पाण्याची टाकी फुटली, ती बातमी आठवडाभर पुरवून पुरवून वापरली. तिसऱ्याने बाईंना प्रेमात पडलेल्यांचे सल्लागार केले, चौथ्याने विनोद सांगायला लावले. दर वेळी नवे नाव, नवे हसू. बाईंच्या नाकी नऊ आले.

सगळ्या धुळवडीत एकच गोष्ट टिकली होती. रोज सकाळी बाई म्हणायच्या, "चला, आठ वाजले. कामाला लागा!" आणि घरी त्यांचे वडील अण्णा रक्तदाबाची गोळी घ्यायचे. भिंतीवरचे घड्याळ त्यांना खोटे वाटे, सून तर त्याहून. लेक सांगेल तेव्हाच आठ.

पाचवा मालक म्हणाला, "आता बोलणं बंद. यंत्र नुसती गाणी वाजवेल. तुम्ही जाहिराती मिळवा."

"आणि वेळ कोण सांगणार?"

"लोकांकडे मोबाइल आहेत, बाई."

"माझ्या वडिलांकडे नाही."

"मग मी केंद्र तुमच्या वडिलांसाठी चालवू?"

बाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी वैतागून तो म्हणाला, "बरं माझी आई, एकदा रेकॉर्ड करून द्या. यंत्र लावेल." बाईंनी जीव ओतून तेवढेच वाक्य म्हटले आणि निश्चिंत झाल्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास वहिनीचा फोन आला. "ताई, आधी घरी या. अण्णांना भोवळ आलीय."

बाई धावत घरी पोचल्या. अण्णा पाय उशीवर ठेवून पडले होते, शेजारी डॉक्टर बसले होते. जिवाला धोका नव्हता, पण गोळ्या तीन पोटात गेल्या होत्या.

"अण्णा, तीन कशाला घेतल्या?"

"तूच सांगत होतीस ना! 'चला, कामाला लागा,' म्हणालीस की मी घेत होतो. म्हटलं, पोरीला आज माझी फारच काळजी लागलीय."

एवढ्यात कोपऱ्यातल्या रेडिओवर गाणे थांबले आणि बाईंचाच आवाज आला, "चला, कामाला लागा!" अण्णांचा हात उशाकडे गेला. वहिनीने गोळ्यांचे पाकीट हिसकावून घेतले.

बाई तशाच केंद्रावर परतल्या. मालक खुशीत होता. "बाई, कमाल आवाज! वाक्यातले 'आठ वाजले' कापून टाकले आणि दर तासाला लावतोय. आता अर्ध्या तासाने लावू."

"काढा."

"काय काढू?"

"माझा आवाज. सगळा."

"अहो, आठवडाभर डोकं खाल्लंत की माझं! तुम्हाला हवंय तरी काय?"

"जाहिराती मी मिळवून देईन. आवाज काढा म्हणते ना!"

त्याने काढला.

दुसऱ्या सकाळी अण्णा पाण्याचा पेला भरून, रेडिओला कान लावून बसले. गाण्यामागून गाणी, मध्ये एक शब्द नाही. बाई चपला घालता घालता थांबल्या. अण्णांच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी माइकसमोर बोलायच्या तशा म्हणाल्या, "चला, आठ वाजले. कामाला लागा!"

अण्णांनी मान वळवली नाही. गोळी जिभेवर ठेवून पाणी प्याले आणि रेडिओकडे बघत कुरकुरले, "अगं, गाणं तरी संपू द्यायचंस. मालक ओरडेल ना!"