गुळगुळीत जोड

धाकट्याने आपल्या हातांनी अख्खी मोटरसायकल उभी केली, तेव्हा थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदा त्याची पाठ थोपटली, आणि त्याच दिवशी ती गाडी पासिंगमध्ये बुडवायचं ठरवलं. पोटात एक आणि ओठात एक, ही त्याची खोड जुनीच.

गाडीचं सरकारी पासिंग झालं की धाकटा वेगळा होणार होता. फ्रेमच्या कामाचा स्वतःचा परवाना त्याने काढला होता, पुलाखालची एक शेड ठरवली होती, तिची किल्लीही खिशात आली होती. "पाटीवर तुझंच नाव टाकणार, दादा," असं तो भाबडेपणाने म्हणायचा. पण थोरल्याचे डोळे अधू होत चालले होते. वेल्डिंगच्या काळ्या काचेतून त्याला वितळतं लोखंड दिसायचंच नाही, नुसता उजेड दिसायचा. गॅरेजातलं सगळं वेल्डिंग धाकटा मारायचा आणि गिऱ्हाइकं वाहवा थोरल्याची करायची. धाकटा गेला की गॅरेजला टाळं. हे दोघांनाही ठाऊक होतं, फक्त बोलत कोणी नव्हतं.

"जोड सगळे घासून काढ," थोरला म्हणाला. "ग्राइंडर मार, वर पॉलिश कर. गाडी कशी एकसंध ओतल्यासारखी दिसली पाहिजे. पासिंगचा साहेब बघतच राहील."

धाकटा शाळेत असताना थोरल्याने अशा दोन गाड्या बांधून पास करून आणल्या होत्या. त्याला पक्कं माहीत होतं, की वेल्डिंगची शिवण उघडी दिसल्याशिवाय साहेब लोक सही करत नाहीत. घासून झाकलेलं काम म्हणजे लपवलेलं काम. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही सख्ख्या भावाचा.

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण हाव सुटत नाही. "हँडलच्या मानेचा जोड मी मारतो," तो म्हणाला, "मोठ्याचा हात लागू दे." आपल्याला अजून जमतं का, हे त्याला बघायचं होतं. धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने तो जोड सगळ्यांत जास्त प्रेमाने घासला.

पासिंगच्या आवारात गाडी ब्रेक तपासायच्या रोलरवर चढली, उतरली. दिवे पास, हॉर्न पास, आवाज पास. मग साहेब गुडघ्यावर बसला आणि त्याने टाकीखालून नख फिरवलं.

"हे घासलं कोणी?"

"मीच," धाकटा फुशारून म्हणाला.

"अक्कल गहाण टाकली होतीस का? आता आतलं वेल्डिंग मला दिसणार कसं?"

धाकट्याचा चेहरा पडला. थोरल्याने लगेच दुःखी तोंड केलं. असं तोंड करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

पण साहेबाला गाडी आवडली होती. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "एक जोड कापून बघू. आत लोखंड एकजीव निघालं तर परत जोडून आण, पास करतो."

"कुठलाही कापा, साहेब!" धाकटा हसला.

"कुठलाही कशाला? मानेचाच कापू. चालत्या गाडीचं हँडल निखळलं तर माणूस जागेवर संपतो."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

करवत अर्ध्यावर गेली नाही तोच पाइप कडकन सुटून आला. वर साय धरावी तसा धातूचा थर, खाली पोकळ. साहेबाने तो तुकडा तळहातावर घेऊन दोघांसमोर धरला.

"कुणी मारलाय हा? ज्याने मारला त्याचा फ्रेमच्या कामाचा परवाना आजच रद्द करतो. आणि पुन्हा मागायला यायचं नाही, सांगून ठेवतो."

थोरल्याने तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आवाज फुटायच्या आत धाकटा बोलला.

"मी मारलाय."

तो भावाकडे बघतही नव्हता. घरी वहिनी होती, दोन पुतण्या होत्या, आणि त्या घराची चूल थोरल्याच्या परवान्यावर पेटत होती. थोरल्याला अजूनही बोलता आलं असतं. साहेबाला पेन सापडत नव्हतं. त्याने खिसे चाचपले, टेबलाचे खण उघडले. तेवढा सगळा वेळ थोरल्याने ब्र काढला नाही.

मान तुटलेली गाडी दोरीने बांधून टेम्पोतून परत आली. वाटेत धाकटा काहीतरी बोलेल, म्हणून थोरल्याने उत्तरं तयार ठेवली होती. तो काहीच बोलला नाही, आणि थोरल्याला त्याचाच जास्त राग आला.

जेवताना वहिनीने विचारलं, "काय झालं हो गाडीचं?"

"काय होणार? हात कच्चा आहे अजून याचा," थोरला म्हणाला. "मान सुटून हातात आली. त्यात सगळे जोड घासून ठेवलेले. साहेब खवळणारच."

धाकट्याने ताटातली भाकरी मोडायला घेतली.

"पण भावजी, घासलेत कशाला?" वाढता वाढता वहिनी म्हणाली. "आपल्या त्या दोन गाड्यांच्या वेळी मी जरा कानस फिरवली, तर हे केवढे अंगावर आले होते माझ्या! शिवण घासली की पासिंग होत नाही म्हणून. यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

धाकट्याचा घास हातातच राहिला.

"दादा, तुला माहीत होतं?"

थोरल्याला क्षणभर लाज वाटली. मग त्याने विचार केला. परवाना गेला, शेड गेली. आता माझ्या परवान्याखाली राबण्यावाचून हा जाणार कुठे? खोटं बोलायची गरजच उरली नव्हती.

"होतं," तो म्हणाला. "जेव आता. आणि सकाळी गॅरेजला येताना ती शेडची किल्ली परत देऊन ये."