अर्ध्या मिनिटाचं गाणं

एका बड्या कंपनीनं माझा अल्बम काढला होता, हे मी आता कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतात, "हो का? कुठलं गाणं?" आणि मग मलाच ते गुणगुणून दाखवावं लागतं.

२००५ साली मुंबईच्या त्या कंपनीला चेन्नईचा एक रॉक बँड हवा होता आणि आम्ही तिघं तावडीत सापडलो. देखरेखीला शर्मिष्ठा मॅडम. त्या आधी म्हणाल्या, इंग्रजी गा. मग म्हणाल्या, तमिळ गा. मग त्यांना कळलं की मी तंजावरकडचा मराठी. झालं! मराठी रॉक, तेही चेन्नईतून! त्यात देवळातल्या सनईसारखं नादस्वर घाला. माझं राघोत्तम नाव फार लांब, नुसतं 'राघो' करा. भर दुपारी मरीनाच्या वाळूत आम्हाला वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसवून, गळ्यात गिटारी अडकवून फोटो काढले. पाय भाजले आणि फोटोत पाय आलेच नाहीत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत झाली.

हे सगळं मी सोसलं ते अप्पांसाठी. माझे वडील माधवराव, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात हयात घालवलेले. माझ्या गिटारीला ते 'ते लाकूड' म्हणायचे. कंपनीचा शिक्का बघून तरी एकदा ऐकतील, एवढीच माझी आशा होती. सीडी हातात दिली. त्यांनी ती प्लॅस्टिकही न काढता देवाजवळ ठेवली आणि विचारलं, "पेरुंगुडीत नोकरीची जागा निघाली म्हणत होतास, त्याचं काय झालं?"

वेष्टी आणि नादस्वर बघून दुकानदारांनी अल्बम भक्तिसंगीतात लावला. ज्यांनी घेतला ते शिव्या देत परत आले. वर्ष उलटायच्या आत कंपनीनं आमचा नाद सोडला, मॅडम फोन घेईनाशा झाल्या. उरली फक्त कॉलर ट्यून: मला फोन लावणाऱ्याला, मी उचलेपर्यंत, माझ्या गाण्याचं अर्धं मिनिट ऐकू यायचं. मी मुकाट्यानं पेरुंगुडीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायला लागलो.

आणि मग सुरू झाले अप्पांचे फोन. ऐन मीटिंगमध्ये यायचे. उचलला की कट. उलट लावला की, "काही नाही, ठेव." रोज तेच! शेवटी एकदा मी जिन्यात जाऊन तोंड सोडलं. "अप्पा, काम नसताना फोन का करता? मला इथे बोलणी बसतात!"

"मग तू कशाला रे इतकं लौकर उचलतोस?" तेही खवळले. "गाणं अर्ध्यात तुटतंय. वर बिल चढतंय."

मी पायरीवरच बसलो. "सीडी दिली होती ना तुम्हाला?"

"ती कशात लावू? घरात टेप आहे, टेप! तू विचारलंस?"

रडावं की डोकं आपटावं, कळेना. त्या दिवसापासून 'अप्पा' दिसलं की मी फोन वाजू द्यायचो. दोघांमध्ये इतका सलोखा कधीच नव्हता.

तेही कंपनीला बघवलं नाही. करार संपला म्हणून त्यांनी ट्यून काढून टाकली. त्या संध्याकाळी मी ऑफिसजवळ घेतलेल्या खोलीवर होतो. फोन वाजला, कट झाला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा मी चटकन उचलला.

"नंबर बदललास काय? नुसतं ट्रिंग ट्रिंग करतंय."

"कंपनीनं गाणं काढलं, अप्पा."

ते म्हणाले, "मग आता मी कशाला फोन करू?"

मला इतका संताप आला! कंपनीचा, मॅडमचा, या माणसाचाही. करूच नका, असं म्हणणार होतो.

"ते गाणं वर चढतंय आणि तिथंच थांबतंय," ते म्हणाले. "त्याच्या पुढं काय आहे रे?"

मी भिंतीवरची गिटार काढली, फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. "ऐका."

"थांब, थांब. ठेवतो मी. तू लाव फोन, माझं बिल चढतंय."

मी लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.